पाटा, वरवंटा आणि आम्ही

खोडाळ्याच्या नाक्यावर गेल्या श्रावणात एक सद्गृहस्थ भेटले. गाडी नवीकोरी, उंचीपुरी, आणि नवरदेव हळद मिरवतो तसा तिने अंगभर चिखल मिरवलेला. सद्गृहस्थ खाली उतरले, दोन्ही हात कमरेवर ठेवून (कंबर जागेवर होती, म्हणून ठेवता आले) डोंगराकडे कौतुकाने बघत मला म्हणाले, "काका, इथून पुढे अजून खराब रस्ता कुठे मिळेल?"

‘खराब रस्ता’ मला कळलं. आम्हाला ते रांगायला लागल्यापासून कळतं. ‘मिळेल’वर मी अडलो. खराब रस्ता लागतो, नशिबी येतो, मानगुटीवर बसतो. तो बाजारात रताळी मिळावीत तसा ‘मिळतो’, हे मला नवीन होतं. मग उजेड पडला. ह्या षोकाला ऑफ-रोडिंग म्हणतात. शनिवारी मुंबईहून निघायचं, कसाऱ्यावरून विहीगावचा धबधबा करत वर यायचं, सूर्यमाळच्या धुक्यात फोटो काढायचे, मुद्दाम चार धक्के खायचे आणि रविवारी रात्री आपापल्या गादीवर पडायचं. त्यांच्या भाषेत ऑफ-रोड. आमच्या भाषेत रस्ता. कागदोपत्री भाषेत ‘काम प्रगतिपथावर’.

गृहस्थ उत्साही होते. गाडीची कुंडली त्यांनी न विचारता मांडली. पुढची चाकं एकमेकांपासून स्वतंत्र, मागे गुंडाळीची स्प्रिंग, वायूचे शॉकअप, आत बसलं की खड्डा म्हणून कळत नाही! मी म्हटलं, मग शोधताय कशाला? खड्डा कळू नये म्हणून लाखांनी पैसे मोजायचे आणि न कळणारा खड्डा हुडकत घाट चढायचा, ह्याला काय म्हणावं? शंकराचार्यांनी मायेचे इतके प्रकार सांगितले, हा त्यांच्याही नजरेतून सुटला.

पण मला हा लेख लिहायला लावला तो त्यांच्या पुढच्या वाक्याने. नाक्यावर आमची काळी-पिवळी जीप उभी होती. पुढे-मागे पाटे, बाकड्यांचा स्पंज कधीच परलोकवासी. तिच्याकडे त्यांनी जुन्या किल्ल्याकडे पाहावं तसं पाहिलं आणि म्हणाले, "खरी गाडी ही! पाट्याला मरण नाही. ह्या भागाला असंच दणकट लागतं."

असंच लागतं. कुणाला? भागाला. भागाला कंबर नसते हो.

हा विचार एकट्या त्यांचा नाही. ह्याचा एक संप्रदायच आहे. मी त्याला दणकटपंथ म्हणतो. पंथाचं तत्त्वज्ञान सोपं आहे: जितका रस्ता वाईट, तितकी गाडी कडक हवी, आणि माणूस? माणूस सवयीने कडक होतो. पंथाचे आचार्य सर्वत्र आहेत. कुणी गाड्या विकतो, कुणी गाड्यांवर लिहितो, कुणी गाड्या मंजूर करतो. सगळ्यांत एकच साम्य. मागच्या बाकावर कुणीच बसत नाही.

खोडाळ्याच्या मिस्त्रीला ‘सस्पेन्शन’ हा शब्द लागत नाही. सस्पेन्शन सरकारी नोकराचं होतं (आणि घरबसल्या अर्धा पगार मिळत असल्याने ते गाडीच्या सस्पेन्शनपेक्षा पुष्कळच आरामशीर असतं). गाडीचा असतो पाटा. लांब, वाकवलेल्या पोलादी पट्ट्या एकीवर एक रचायच्या, मधोमध सेंटर बोल्ट, यू बोल्टाने ॲक्सलला जखडायच्या, झाला पाटा. कितीही सजवून वर्णन केलं तरी इतकंच. वरून गाडी दाबते, खालून रस्ता ठोकतो. आमच्या आयांनी ह्याच नावाचं एक उपकरण स्वयंपाकघरात ठेवलं होतं. गाडीचा पाटा, रस्त्याचा वरवंटा, आणि मधे आम्ही. चटणी.

आता हे पाटे आले कुठून? दणकटपंथीयांना वाटतं, आपल्या खडकाळ भूमीच्या चिंतनातून. छे. ते घोडागाडीचे आहेत. १८०४च्या सुमारास लंडनच्या ओबादाया इलियट नावाच्या कारागिराने दोन कमानी तोंडाला तोंड लावून गाडीखाली बसवल्या आणि बग्गीतल्या मंडळींचे दात वाचवले. आपल्याकडचा टांगा आणि शिग्राम त्याच घराण्यातले. पुढे मोटार आली तेव्हा तिच्या जनकांनी काय केलं? घोडा सोडला आणि इंजिन जुंपलं. खालची कमान तीच. घोडा तासाला दहा-बारा किलोमीटर चालायचा, त्याच्या चालीला कमान पुरत होती. मोटार चाळीसने धावू लागली आणि कमान पिसाळली. एक धक्का बसला की गाडी उडायची, उडाली की पुन्हा बसायची, आणि पहिल्या खड्ड्याची नाचगाणी संपेपर्यंत दुसरा यायचा.

म्हणजे स्प्रिंगने काम अर्धंच होतं. तिने धक्का पोटात घेतला, पण पोटात ठेवणार कोण? १९०४च्या आसपास त्रुफो नावाच्या फ्रेंच माणसाची युक्ती एडवर्ड हार्टफर्डने अमेरिकेत चालवली: दोन दांड्या कात्रीसारख्या जोडायच्या, सांध्यात घर्षणाच्या चकत्या, बोल्ट आवळला की झोका लवकर मरतो. हाच शॉकअपचा खापरपणजोबा. त्याआधी १८९५ साली मिशलँ बंधूंनी पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरवर गाडी पळवून लोकांची करमणूक केली होती. पंक्चर मोजता मोजता जीव गेला, पण मुद्दा सिद्ध झाला. रस्ता आणि माणूस यांच्यामध्ये जरा हवा हवी.

हे सगळं होऊन शंभरावर वर्षं झाली. आमच्या जीपचे शॉकअप तेल गाळून कोरडे झाले, त्यालाही तितकाच काळ लोटला असावा असा मला दाट संशय आहे.

ह्या कथेतला माझा लाडका माणूस फ्रेडरिक लँचेस्टर. इंग्रज, विक्षिप्त, गणिती. १८९६च्या सुमारास त्याने पहिली मोटार बांधली, आणि बाकीचे इंजिनाच्या अश्वशक्तीवर भांडत असताना ह्याने वेगळाच प्रश्न धरला. माणसाला कोणता झोका सोसतो? उत्तर त्याने प्रयोगशाळेत शोधलं नाही. माणूस जन्मभर चालतो, चालताना त्याचं डोकं पावलागणिक वरखाली होतं, आणि त्याने कुणाला मळमळत नाही. मग गाडीचा झोका पावलांच्या लयीवर ठेवा! मिनिटाला नव्वदच्या आसपास. किती साधं! इतकं साधं की विद्वानांना सुचणं कठीण.

मी तीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलं, तेव्हा थोडी मास्तरकी सोसा. सगळं गणित एका पट्टीवर मावतं. गाडीच्या स्वतःच्या भाराने स्प्रिंग किती दबली ते मोजायचं. ४ सेंटिमीटर दबली, तर गाडी मिनिटाला साधारण १५० झोके घेणार. ११ दबली, तर ९०. २५ दबली, तर ६०. म्हणजे मऊ चाल हवी तर स्प्रिंगला दबायला जागा हवी आणि दबायची तयारी हवी. ‘दणकट’ पाटा दबत नाही, ह्याच गोष्टीचा तर त्याला अभिमान! त्याच्या वाट्याचं दबणं मग माझ्या मणक्यांना करावं लागतं. एल-फोर आणि एल-फाइव्ह. संस्कृतात कटिकशेरुका. एवढं भारदस्त नाव असून बिचाऱ्या आमच्या पाट्याच्या हाताखाली बिनपगारी काम करतात.

आता ऐका खोडाळ्याचा स्वतःचा सिद्धांत. आमचा ड्रायव्हर शाळेत माझ्याच हाताखालून गेला, तिसऱ्या बाकावर झोपत असे. एकदा मी रिकाम्या जीपमध्ये बसून कुरकुरलो तर म्हणाला, "गुरुजी, गाडी भरू द्या ना. भरली की मऊ चालंल." मी हसलो. मग रात्री कागद घेतला. पाट्याचा कडकपणा तोच, वजन वाढलं की झोका मंदावतो, वर्गमुळाच्या हिशेबाने. गाडी दीड टनाची धरा, वर अठरा माणसं, बोचकी, एक बोकड, असा एक टन धरा. १५० झोक्यांचे साधारण ११६ होतात! पोराने न्यूटनचा नियम बसल्या बसल्या सांगितला होता, आणि मी त्याला विज्ञानात काठावर पास केलं होतं.

अर्थ लक्षात आला का? ज्या गाडीत नऊ माणसांनी बसायचं, ती अठरा कोंबल्यावर आरामशीर होते. कारण तिचा पाटा नऊ माणसांसाठी नव्हताच. तो कोंबाकोंबी गृहीत धरूनच बांधला. एकट्या माणसाने जीपमध्ये बसणं ही शिक्षा. शेजाऱ्याची मांडी हेच आमचं शॉकअप. इथल्या आरामाला सहकार चळवळीशिवाय पर्याय नाही. आणि खड्डा जरा खोल निघाला, की ॲक्सलवरचं रबर चेसिसला ‘धाड’ करून भेटतं, सगळा सहकार छताला आपटतो आणि संस्था अवसायनात निघते.

त्यातून पाट्याला गंज. आमच्या मोखाडा तालुक्यातला पाऊस म्हणजे पाऊस. पट्ट्या एकमेकींवर घासून झोका मारतात, हा पाट्याचा गुण. पण मधे ग्रीस नसलं आणि गंज धरला की त्या चिकटून बसतात, आणि बारीकसारीक धक्क्याला पाटा हलतच नाही. जुन्या मोटारवाल्यांना हे ठाऊक होतं. ते पाट्यांना चामड्याचे बूट शिवत, नाडी बांधत, आत ग्रीस कोंबत. पाट्याला बूट! आमच्याकडे पोरं अनवाणी शाळेत येत होती तेव्हा.

तोंडाची चव बदलावी म्हणून १९०८ सालची एक गोष्ट सांगतो. रोल्स-रॉइसची सिल्व्हर घोस्ट जातीची एक गाडी, नाव ‘पर्ल ऑफ द ईस्ट’, मुंबई-कोल्हापूर चाचणीत उतरली. ६२० मैलांची रपेट, सह्याद्रीचे सहा घाट. गाडी जिंकली, गाजली, ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती विकत घेतली. चाचणी कशाची होती? विश्वासार्हतेची. म्हणजे गाडी बंद पडते का. आतला माणूस बंद पडला का, हे कुणी विचारावं असा तो काळ नव्हता. गाडी शाबूत पोचली की प्रवास यशस्वी! दणकटपंथाची ही आपल्या मातीतली पहिली दिंडी समजायला हरकत नाही. पंथाचं शास्त्र अजून त्याच मुक्कामी आहे.

रोल्स-रॉइस स्वतः मात्र पुढे गेली, म्हणजे तिचा एक माणूस गेला. मॉरिस ऑली. कंपनीने अमेरिकेत कारखाना काढला, तेव्हा असं दिसलं की इंग्लंडच्या रस्त्यांवर लोण्यासारखी चालणारी गाडी अमेरिकेच्या रस्त्यांवर लोण्यासारखी चालत नाही. आता आपला कुणी आचार्य असता तर काय म्हणाला असता? ‘रस्ते आमच्या गाडीच्या लायकीचे नाहीत.’ किंवा, ‘ग्राहकांनी सवय करावी.’ किंवा, जरा हुशार असता तर, ‘ह्या भागाला दणकट लागतं, पाटे वाढवा.’ ऑलीने ह्यातलं काही केलं नाही. त्याने गाडीला दोषी धरलं. निर्लज्जपणाची कमाल! कंपनीचा नोकर आणि कंपनीच्या गाडीला दोषी धरतो!

१९३० साली तो जनरल मोटर्सच्या कॅडिलॅककडे गेला आणि १९३२ साली त्याने एक विचित्र गाडी तयार केली. मोठी सात माणसांची मोटार, तिला वजनं अशी लावलेली की पुढे-मागे सरकवता येतील, स्प्रिंगा बदलता येतील. रोज एक नवा मेळ जमवायचा, गाडीत बसून फिरायचं, आणि बसलेल्यांना विचारायचं: कसं वाटलं? बस. आराम मोजणारं यंत्र नव्हतं, तर माणसालाच विचारलं. मला ह्या प्रश्नापुढे हात जोडावेसे वाटतात. आमच्या जिल्ह्यात (तो १ ऑगस्ट २०१४ रोजी जन्मला, तेव्हा लेकरू अजून लहान आहे) कुठल्याही गाडीतून, कुठल्याही बाकावरून उतरलेल्या माणसाला कुणी ‘कसं वाटलं’ विचारल्याचं मी ऐकलं नाही. विचारतात ते ‘सुट्टे आहेत का’.

ऑलीला काय सापडलं? पुढचं चाक खड्ड्यात आधी जातं, मागचं थोड्या वेळाने. त्यामुळे पुढचा भाग आधी झोके खायला लागतो, मागचा उशिरा, आणि दोघांचं न जमल्याने गाडी खोगीर सैल झालेल्या तट्टासारखी डुचमळते. तोवर रीत अशी की पुढच्या स्प्रिंगा कडक ठेवायच्या, मागच्या मऊ. ऑलीने उलटं केलं. पुढच्या जास्त मऊ, मागच्या कडक. मग मागचा झोका जरा जलद चालतो, उशिरा निघूनही पुढच्याला गाठतो, आणि गाडी सपाट, एकसंध, वरखाली होते. मळमळ जाते. पण पुढे स्प्रिंगा मऊ केल्या की अखंड ॲक्सल थरथरायला लागायचा, स्टिअरिंग हाताला झटके द्यायचं. म्हणून मग त्याने ॲक्सलच तोडला. डावं चाक डाव्या खड्ड्याचं, उजवं उजव्या खड्ड्याचं. १९३४ च्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत ते आलं. (इटलीच्या लान्चियाने १९२२ सालीच लाम्ब्दा गाडीची पुढची चाकं स्वतंत्र केली होती, पण अमेरिकेत घडेपर्यंत जगात घडलं नाही असं मानण्याची रीत आहे.)

१९३४! आपल्याकडे एसटी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर पहिल्यांदा धावली. म्हणजे एसटीच्या जन्माआधी चौदा वर्षं हा प्रश्न सुटलेला होता. आणि जीप? तिचा जन्म दुसऱ्या महायुद्धातला. सैन्याला स्वस्त, झटपट, कुठेही दुरुस्त होणारं वाहन हवं होतं; चारही चाकांना पाटे दिले आणि धाडलं आघाडीवर. तिने तिथे काम चोख केलं. युद्ध संपल्यावर माझगावला तिची जोडणी सुरू झाली आणि ती आपली झाली. तक्रार जीपबद्दल नाहीच. वीस-बावीस वर्षांचा, हाडं घट्ट असलेला, मरायला निघालेला सैनिक मनात धरून काढलेला तो आराखडा. त्यात आम्ही साठीचा मास्तर, खोकणारी आजी आणि नववा महिना लागलेली पोरगी बसवली, आणि वर म्हणतो, ह्या भागाला हेच लागतं.

नववा महिना म्हटल्यावर डोलीबद्दल बोललं पाहिजे. आमच्या तालुक्यातल्या ज्या पाड्यांवर गाडीच पोचत नाही, तिथून बाईला झोळीत घालून, बांबूला बांधून, दोघं-चौघं खांद्यावर आणतात. २०२२ च्या पावसाळ्यात मोखाड्याच्या एका वाडीतली अशी डोली देशभर बातमीत फिरली. जुळी बाळं गेली. चार दिवस सगळे हळहळले.

आता लँचेस्टर आठवा. पावलांची लय. लवचीक बांबू. खाली अधांतरी झोळी, म्हणजे दबायला हवी तितकी जागा. शास्त्र लावून पाहिलंत तर मोखाडा तालुक्यातलं, झोक्याच्या हिशेबाने सर्वांत निर्दोष वाहन कोणतं? डोली! भोयांना जे हजार वर्षांपूर्वी खांद्याने कळलं ते मोटारीला समजायला लँचेस्टर जन्मावा लागला. आता कुणी संस्कृतिप्रेमी ह्यावर निबंध लिहील, ‘परंपरेतील कंपनविज्ञान’, शाल-श्रीफळ घेईल. घे बाबा. पण आधी एकदा पाऊस अंगावर घेत तीन किलोमीटर खांदा दे. बाई डोलीतून उतरते आणि डांबरी रस्त्याला लागल्यावर पाट्याच्या गाडीत चढते, तेव्हा तिचे खरे हाल सुरू होतात, हा आमच्या विकासाचा क्रम आहे.

दणकटपंथीयांचं ठेवणीतलं अस्त्र अजून बाकी आहे: "मऊ सस्पेन्शन ह्या रस्त्यांवर टिकत नाही हो!" हे ते अशा सुरात सांगतात जसं काही विषय तिथे संपला. बरं. फ्रान्समध्ये सिट्रोएनचा पिएर बूलाँजे नावाचा साहेब होता. त्याने १९३० च्या दशकात आपल्या लोकांना फर्मान सोडलं: शेतकऱ्यासाठी गाडी करा. दोन माणसं आणि ५० किलो बटाटे, ताशी ६० किलोमीटर, आणि नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तर एकही अंडं फुटता कामा नये. हे लक्षात घ्या, अट राजवाड्याच्या रस्त्याची नव्हती. नांगरलेल्या शेताची होती! युद्धामुळे उशीर झाला, १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात गाडी मांडली, पत्रकारांनी तिला पत्र्याचा डबा म्हणून हिणवलं. लांब हेलकाव्याची, अति मऊ, पुढच्या-मागच्या चाकांच्या स्प्रिंगा एकमेकींना जोडलेल्या. इंजिन ३७५ सीसीचं, आपल्या बुलेटपेक्षा जेमतेम मोठं. ती टू-सीव्ही १९९० पर्यंत बनत होती. बेचाळीस वर्षं! टिकत नाही म्हणे.

म्हणजे मऊ चाल हा श्रीमंताच्या चैनीसाठी लागलेला शोध नाहीच मुळी. वाईट रस्त्यानेच तो घडवला. गुळगुळीत रस्त्यावर सस्पेन्शनला काम काय? शेतकऱ्याची अंडी फुटू नयेत म्हणून लोकांनी डोकं लावलं. आमच्याकडे अंड्यांची अट कुणी घातली? आमची अंडी बाजारात मांडीवर घेऊन जावी लागतात. वर अंडी, खाली मांडी, त्याखाली पाटा. तिन्हींत फुटायचा अधिकार दोघांनाच.

पण मुकुटमणी पुढेच आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग. २००२ साली पूर्ण झाला. त्यावर वातानुकूलित शिवनेरी धावू लागली, खाली पाटे नाहीत, हवेच्या पिशव्या. मी एकदा बसलोय. पाण्याचा ग्लास हातात धरून झोपलो आणि सांडलं नाही. आता हवेच्या पिशवीची खुबी काय? गाडीत भार वाढला की पिशवीत हवा जास्त भरते, भार उतरला की कमी होते. त्यामुळे गाडी रिकामी असो की भरलेली, उंची तीच आणि झोका तोच. ही करामत कुठल्या गाडीला सर्वांत जास्त हवी? जिचा भार सारखा बदलतो तिला. पहाटे जी चार माणसं घेऊन निघते, आणि बाजाराच्या दिवशी ऐंशी माणसं, कोंबड्या, भाताची पोती घेऊन परत येते तिला. म्हणजे आमच्या एसटीला! शिवनेरीत सगळे बसून, एकाला एक सीट, उभं राहायला बंदी, वजन ठरलेलं, रस्ता काचेसारखा. तिथे पाटे घातले असते तरी कुणाची झोप मोडली नसती. ज्याला ताप नाही त्याच्या कपाळावर चंदनाचा लेप, आणि जो फणफणलाय त्याला सांगायचं, तुला दणकट घोंगडी शोभते.

आणि त्या एसटीचा शेवटचा बाक! मागच्या ॲक्सलच्याही पलीकडे, शेपटावर. तिथल्या प्रवाशाला खड्डा दीडपट होऊन मिळतो. आश्रमशाळेची पोरं ह्या बाकासाठी भांडतात, कारण उडायला मिळतं. दहा वर्षांच्या मणक्याला सगळंच ऑफ-रोडिंग.

थांबा, आमच्या भागातून एक गोष्ट मुंबईपर्यंत धक्का न लागता जाते. पाणी! वरचं वैतरणा, मोडकसागर, आणि आता आमच्याच मोखाडा तालुक्यातलं मध्य वैतरणा. पाइपातून, बोगद्यातून, नळापर्यंत. एक गचका नाही. आणि आता कसाऱ्याच्या डोंगराच्या पोटातून समृद्धी महामार्गाचा जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा. जून २०२५ मध्ये तो शेवटचा टप्पाही उघडला आणि ७०१ किलोमीटरचा मुंबई-नागपूर रस्ता पुरा झाला. त्यावरून जाणारे महाशय आमच्या शेजारून लोण्यातून सुरी जावी तसे जातात. दिवाळीनंतर आमच्याकडची माणसं वीटभट्टीवर निघतात, टेम्पोच्या हौद्यात, भांडी, पोरं, कोंबड्यांसकट. त्यांच्या बुडाखाली पाटासुद्धा नाही असंच म्हणायचं, कारण मालवाहू गाडीचा पाटा विटांसाठी असतो. माणसं विटांपेक्षा हलकी भरतात, म्हणून पाटा त्यांची दखल घेत नाही. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. वर्गमुळाचं गणित वर दिलंय, करून बघा.

मला माझ्या पाठीसाठी नाशिकच्या एका डॉक्टरकडे जावं लागलं. फोटो पाहून ते म्हणाले, "उंचावरून उडी मारली होती का?" मी म्हटलं, रोज. दोनदा. त्यांनी पट्टा दिला आणि सल्ला दिला, प्रवास टाळा. पुढच्या तारखेला परत बोलावलं. कसं यायचं ते पट्ट्यावर लिहिलेलं नव्हतं.

तर ते नाक्यावरचे गृहस्थ. ते अजून उत्तराची वाट पाहत उभे होते. खराब रस्ता कुठे मिळेल? मी काही बोलायच्या आत ड्रायव्हरने जीपमधून मान बाहेर काढली. गाडी भरत आली होती, फक्त एक माणूस हवा होता.

"काय म्हनतात गुरुजी, पाव्हणे?"

"धक्के हवेत म्हणतात."

त्याने पाव्हण्यांकडे पाहिलं, त्यांच्या गाडीकडे पाहिलं, मग बाकावर हात थोपटला.

"या ना दादा, बसा. एक सीट हाय. मागची."